धायरीतलं बिनपाटीचं गॅरेज आणि माझ्या गाडीची अडून बसलेली दांडी

या गॅरेजला पाटी नाही, त्यामुळे नाव विचारू नका. मालकांना विचारलं तर म्हणाले, "नाव लावलं की लोक फोन करतात, आणि फोन घेतला की काम थांबतं." आत भिंतीवर खडूने एकच ओळ लिहिलेली आहे : ‘गाडीखाली माणूस असताना सूचना करू नयेत.’ पुण्यात धायरी फाट्यावरून आत शिरलं की पंक्चरवाला, मग रसवंतीगृह, आणि त्याच्या मागच्या बोळात ही पत्र्याची शेड. एका वेळी तीन गाड्या मावतात. चौथी आली की रसवंतीवाला ओरडतो.

माझी गाडी २०१४ ची पेट्रोल सेडान, ऑटोमॅटिक. हल्ली ज्याला सगळे ऑटोमॅटिक म्हणतात ती एएमटी (साध्याच गिअरबॉक्सला क्लच दाबणारं यंत्र जोडलेली) नव्हे. ही जुन्या वळणाची, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) आणि पाच गिअरची, गिअरच्या दांडीवर पी-आर-एन-डी म्हणजे पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असलेली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी क्लच नको म्हणून घेतली. अडुसष्ट हजार किलोमीटर झालेत. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे पेट्रोलच्या पावत्यासुद्धा फाइलला लावते. घरचे हसतात, पण या प्रकरणात ती सवयच कामाला आली.

दुखणं मे महिन्यात सुरू झालं. सकाळी गाडी चालू करायची, ब्रेक दाबायचा, दांडीचं बटण दाबून ‘पी’मधून मागे ओढायची, तर ती ढिम्म. दोनदा, तीनदा, मग जरा रागाने ओढली की यायची. कधी दिवसभर काही नाही, कधी दिवसात दोनदा. शिवाय दुसरा प्रकार असा की दांडी यायची, पण जड, आणि निघताना आतून ‘खाड’ असा आवाज. मी या दोन्हींना एकच आजार समजत होते. सगळा घोळ तिथेच झाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका मॉलच्या तळघरात गाडी अडली ती अडलीच. मागे चार गाड्या, शिटी फुंकणारा गार्ड, आणि एक गृहस्थ खाली उतरून मला ‘आधी क्लच दाबा’ असं समजावून सांगायला लागले. शेवटी क्रेन बोलावली. गाडी ‘पी’मध्ये असली की पुढची चाकं जखडलेली असतात, म्हणजे नुसती दोरी बांधून ओढता येत नाही. पुढची बाजू उचलून, मग सपाट पाटाच्या गाडीवर चढवून नेली. ₹२,८००. पावती आहे.

तिथून गाडी गेली एका मोठ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कोणा एकाशी नाही, त्या पद्धतीशी आहे. एसी हॉल, कॉफीचं मशीन, टॅब घेतलेला तरुण ॲडव्हायझर. गाडी क्रेनवरून उतरवली, त्याने बसून ब्रेक दाबला, आणि दांडी लोण्यासारखी मागे आली! मला स्वतःचाच राग आला. त्यांनी स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड निघाला नाही. दोन दिवसांनी अंदाजपत्रक आलं : लिव्हर असेंब्ली बदलणे, आणि ‘कस्टमरने आवाजाची तक्रार केल्यामुळे’ गिअरबॉक्स उतरवून तपासणे व ओव्हरहॉल. एकूण ₹१,३८,०००. मी विचारलं, नेमकं बिघडलंय काय? उत्तर आलं, "मॅडम, ऑटोमॅटिकमध्ये खोलल्याशिवाय सांगता येत नाही." आमच्या बँकेत कर्जदाराने ‘कशासाठी हवेत ते पैसे दिल्याशिवाय सांगता येत नाही’ म्हटलं असतं, तर मॅनेजरने त्याला चहासुद्धा पाजला नसता. तपासणीचे पैसे भरून गाडी घरी आणली.

धायरीच्या गॅरेजचा पत्ता आमच्या इस्त्रीवाल्याने दिला. त्याच्या मेव्हण्याची ऑटोमॅटिक टॅक्सी तिथे जाते.

मालक पन्नाशीचे असतील. गाडीकडे बघण्याआधी त्यांनी मला प्रश्न विचारायला घेतले. पाचेक मिनिटं नुसते प्रश्न. दांडी अडते तेव्हा मागचे ब्रेक लाइट लागतात का? मी म्हटलं, मी पुढे बसलेली असते, मागचं मला काय दिसणार? हसले. ब्रेक दाबल्यावर दांडीपाशी ‘टिक’ ऐकू येतं का? माहीत नाही. गाडी चढावर लावता की सपाटीला? दोन्हीकडे. अडते कुठे? लक्ष दिलं नाही. हँडब्रेक आधी ओढता की ‘पी’ आधी टाकता? ‘पी’ टाकते, मग कधी हँडब्रेक ओढते, कधी नाही.

मग त्यांनी स्वतः बसून दांडी दहा-बारा वेळा मागे-पुढे केली. एकदाही अडली नाही. म्हणाले, "ताई, आज ती चांगली वागतीये. आज मी काही खोललं तर ते अंदाजाने खोलेन आणि बिल तुम्ही भराल. आठ-दहा दिवस वापरा, मी सांगतो तेवढं बघा, मग या." पैसे घेतले नाहीत.

बघायला सांगितलेल्या गोष्टी तीन. दांडी अडली की ओढायची नाही, पाय ब्रेकवर तसाच ठेवून मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतोय का ते आरशात बघायचं. एसी आणि रेडिओ बंद करून ‘टिक’ येतंय का ऐकायचं. आणि गाडी उतारावर होती की सपाटीला, ते लिहून ठेवायचं. शिवाय दांडीच्या शेजारची नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी दाखवली. ती काढली की आत एक फट आहे. दांडी अडलीच तर हँडब्रेक ओढायचा, पाय ब्रेकवर ठेवायचा, किल्ली ‘ऑन’ करायची, त्या फटीत छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून दाबायचं आणि दांडी ‘एन’वर घ्यायची. गाडीच्या पुस्तकात हे चित्रासकट दिलंय. माझं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं, २०१४ पासून प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी फोडलेली नव्हती. क्रेनचे ₹२,८०० आठवले.

ही कुलूपबंदी मुद्दाम केलेली असते, हे त्यांनीच समजावलं. ब्रेकवर पाय असल्याशिवाय गाडी ‘पी’मधून निघू नये, नाहीतर एखादं पोर दांडी ओढेल आणि गाडी चालायला लागेल. ब्रेकच्या पायपट्टीच्या वर एक छोटा स्विच असतो. पाय पडला की तो मागचे लाल दिवे लावतो, आणि त्याच्याच निरोपावर दांडीखालचं सोलेनॉइड (विजेवर सरकणारी छोटी खिट्टी) ‘टिक’ करून कुलूप उघडतं. म्हणजे लाल दिवा आणि ‘टिक’ दोन्ही असूनही दांडी येत नसेल, तर भानगड यांत्रिक : केबल, गिअरबॉक्सच्या आत ‘पी’मध्ये चाक अडवणारा आकडा (हुक), नाहीतर दांडीच्या खाचेत सांडलेला चहा-सरबत. (त्यांच्याकडे आलेल्या एका गाडीत म्हणे कोकम सरबताचा पाक वाळून दांडी खाचेला चिकटली होती. गाडी अर्थात रत्नागिरीहून आली होती.) दिवा आहे पण ‘टिक’ नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची वायर. आणि दोन्ही नाही, तर फ्यूज नाहीतर ब्रेकचा स्विच. पाच मिनिटांत एवढं कळलं. एसी हॉलमध्ये दोन दिवसांत कळलं नव्हतं.

मग मी वही घातली. नऊ दिवस, एकतीस वेळा ‘पी’मधून गाडी काढली. तारीख, वेळ, जागा, दिवा, ‘टिक’, शेरा असे रकाने. पहिल्या दिवशी आरशावर विश्वास नव्हता म्हणून वॉचमनला मागे उभं केलं. दांडी अडली आणि तो ओरडला, "मॅडम, लाइट नाय लागला!"

एकतीसपैकी पाच वेळा दांडी पूर्ण अडली. पाचही वेळा दिवा नाही, ‘टिक’ही नाही. त्यात सपाट जागा होत्या, उतारही होता. आठ वेळा दांडी जड आली आणि ‘खाड’ वाजलं. आठही वेळा दिवा होता, आठही वेळा गाडी उतारावर होती. आमच्या सोसायटीत माझी जागा नेमकी रॅम्पच्या तोंडाशी आहे. बाकी अठरा वेळा काही नाही. वही बघून मालक म्हणाले, "हे दोन पेशंट आहेत ताई, केस पेपर एक लागलाय."

पहिला पेशंट ब्रेकचा स्विच. आधी फ्यूज बघितला, तो शाबूत होता. मग मालक स्वतः पायपट्टीजवळ डोकं घालून उताणे झोपले आणि वायरला टेस्ट लॅम्प लावून मला ब्रेक दाबत राहायला सांगितलं. वीस वेळा दाबला, तीन वेळा लॅम्प लागला नाही. जुना स्विच काढल्यावर माझ्यासमोर फोडून दाखवला. आतले पितळी तुकडे काजळी धरल्यासारखे काळे. म्हणूनच ते कधी लागायचं, कधी नाही. आणि रागाने ओढल्यावर दांडी का यायची तेही उलगडलं. दांडीला हिसका देताना माणूस नकळत ब्रेकवरही जोर टाकतो. काम तो पाय करत होता, श्रेय हाताला जात होतं. ॲडव्हायझरच्या पायात माझ्यापेक्षा जोर जास्त, म्हणून त्याच्या हातात लोणी.

मग स्कॅनरला का दिसलं नाही? सर्किट तुटल्याचं कॉम्प्युटरला कळलं, तर ‘P0571’ सारखा, ब्रेक स्विचच्या सर्किटचा कोड निघतो. इथे काही तुटलेलं नव्हतं. स्विचने निरोप दिला नाही की गाडीला एवढंच वाटायचं, बाईंनी ब्रेक दाबलेला नाही. त्यात तक्रार करण्यासारखं तिला काय दिसणार? आणखी एक. माझी गाडी किल्लीची आहे म्हणून निदान चालू तरी होत होती. बटणाने चालू होणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीला ब्रेकचा निरोप लागतो. तिथे हाच स्विच गेला की गाडी चालूच होत नाही, आणि लोक बॅटरी बदलून मोकळे होतात.

या सगळ्यात मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीने. ‘पी’ अडलं तेव्हा दिवे लागत नव्हते, म्हणजे रस्त्यावरही अधूनमधून लागत नसणार. महिनाभर मी कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाच्या त्या उतारावर ब्रेक मारत खाली येत होते, आणि मागच्या ट्रकवाल्याला त्याचा पत्ता नव्हता. तो उतार पुण्यात कोणाला सांगायला नको. दांडी अडली नसती तर हे मला कळलंही नसतं.

नवा स्विच त्यांनी नाना पेठेतून आणवला, डबीसकट माझ्या हातात दिला, किंमत डबीवरच होती. जुना घासून चालेल का, हेही मीच विचारलं. "चालेल, दोन महिने. मग परत मॉल."

दुसरा पेशंट मात्र मी होते. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्सच्या आत एक आकडा दातेरी चाकात अडकतो, बस. उतारावर मी आधी ‘पी’ टाकून ब्रेक सोडत होते, म्हणजे अकराशे किलोची गाडी त्या आकड्याच्या खुंटीवर टांगत होते. सकाळी तोच ताणलेला आकडा उपटून काढायचा, मग जड लागणार नाही तर काय, आणि ‘खाड’ वाजणार नाही तर काय? गिअरबॉक्सला काही झालेलं नव्हतं, आवाज माझ्या सवयीचा होता. त्यात हँडब्रेक इतका सैल, की अकरा खटके ओढल्यावर कुठे धरायचा. ओढला तरी गाडी थोडी घसरून आकड्यावरच रेलायची. त्यांनी केबल कसून तो सहा खटक्यांवर आणला.

मग शेडबाहेरच्या चढावर माझी शिकवणी. ब्रेकवर पाय, दांडी ‘एन’ला, हँडब्रेक ओढा, आता ब्रेकवरचा पाय अलगद सोडा आणि गाडीला हँडब्रेकवर बसू द्या. ती किंचित सरकून थांबते ते अंगाला कळतं. मग पुन्हा ब्रेक, आणि आता ‘पी’. निघताना आधी ‘पी’मधून बाहेर, हँडब्रेक नंतर. सहा वेळा करून घेतलं. पाचव्या वेळी रसवंतीवाला येऊन उभा राहिला, त्याला वाटलं बाई गाडी शिकतायत. एकसष्टाव्या वर्षी शिकतच होते म्हणा.

ऑइलचं मीच काढलं. इंटरनेटवर वाचलं होतं की गिअर जड झाला की ट्रान्समिशन ऑइल बदलावं. दुसरा कोणी असता तर लगेच हो म्हणाला असता. मालक म्हणाले, "याचा त्याच्याशी संबंध नाही. पण शेवटचं कधी बदललंय?" फाइल बघितली, तेहतीस हजारांवर. तेव्हा इंजिन गरम करून कांडी काढली, पांढऱ्या कागदावर थेंब टाकला. नवं ऑइल लालभडक असतं, माझं करवंदाच्या सरबतापेक्षा काळपट, पण जळका वास नव्हता. जळका असता तर विचार वेगळा करावा लागला असता, म्हणाले. खालचा बोल्ट काढून जेवढं उतरतं तेवढंच बदलायचं ठरलं. असं केल्यावर साधारण तीन लिटर निघतं, निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये राहतं, म्हणून काही हजार किलोमीटरनंतर परत एकदा. मशीनने सगळं एकदम ढवळून काढायला त्यांचा विरोध आहे. यावर मेकॅनिक लोकांत दोन तट आहेत हे मला ठाऊक आहे, मी त्यात पडत नाही. मात्र ऑइलचा प्रकार त्यांनी माझ्या त्या नव्याकोऱ्या पुस्तकातून बोट ठेवून वाचला, मगच मागवला, हे मला आवडलं. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीत साधं ट्रान्समिशन ऑइल घालून गिअरबॉक्स घालवलेली एक गाडी शेडच्या कोपऱ्यात उभी होती, ‘शाळेसाठी ठेवलीये’ म्हणाले.

बिल वहीच्या कागदावर. स्विच ₹७८०, त्याची मजुरी ₹३००, हँडब्रेक ₹२५०, ऑइल ₹२,८५०, बोल्टचं वॉशर ₹६०, ऑइलची मजुरी ₹५००. बेरीज ₹४,७४०. मी तिथेच तपासली, बरोबर होती. यातले दुखण्याचे पैसे फक्त पहिल्या तीन आकड्यांचे, म्हणजे ₹१,३३०. ऑइल हे माझं हौसेचं.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. सकाळी दिलेली गाडी ‘संध्याकाळी घ्या’ म्हणाले आणि मिळाली तिसऱ्या दिवशी. हाताखालचा मुलगा पालखीबरोबर चालायला गेला, म्हणाला दिवेघाट चढून परत येतो, आणि माउलींबरोबर थेट सासवडला पोचला. वारीला कोण नाही म्हणणार, पण मला एक फोन करायला हरकत नव्हती. फोन ते उचलत नाहीतच. जीएसटीचं बिल मागितलं की चेहरा पडतो. कामाची लेखी हमी नाही, त्यामुळे गाडी वॉरंटीत असेल तर इथे येऊ नका. क्रीम रंगाच्या सीटवर काळ्या पंजाचा ठसा उमटलाय, तो अजून पूर्ण गेला नाही. आणि एएमटी ते हातात घेत नाहीत. शेजारच्या देशपांडे वहिनींची एएमटी गिअर घेताना अडखळते म्हणून पाठवली तर परत पाठवली. त्या गाडीला ‘पी’च नसतो, आत साधाच गिअरबॉक्स आणि क्लच, फक्त आपल्याऐवजी यंत्र तो दाबतं. आजारही वेगळे, क्लच झिजण्याचे, ते दाबणाऱ्या यंत्राचे. "ते माझं काम नाही," एवढं सरळ सांगितलं आणि दुसरा पत्ता दिला.

चार महिने झाले. दांडी एकदाही अडलेली नाही, ‘खाड’ एकदाच वाजलं, तेही भाच्याने गाडी लावली होती म्हणून. रोज सकाळी ‘पी’ काढण्याआधी मी आरशात मागच्या भिंतीवरचा लाल उजेड बघते. वॉचमनही आपणहून मान हलवतो.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो उशिराबद्दल आणि पंजाबद्दल. गुरुवारी जाऊ नका, त्या भागात बऱ्याचदा वीज नसते आणि शेड बंद असते. बसायला खुर्ची नाही, एक जुना टायर आहे, त्यावर माझ्यासारख्या गुडघेवाल्यांनी बसलं की उठायला दोन माणसं लागतात. मी आता डिकीत घडीचं स्टूल ठेवते. दुसऱ्या ऑइलची वेळ पुढच्या महिन्यात आहे.